सवडीचं लग्न

नंदुरबारला आमच्याकडची माणसं बदली झाली तरच जातात, आणि तीही रडत. मी मात्र मे महिन्याच्या उन्हात स्वखुशीनं गेले. खरं सांगायचं तर पळून गेले. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, हातात एक पिशवी आणि खांद्याला पर्स अडकवून.

कारण सांगते. माझी मुलगी स्नेहल पुण्यात नोकरी करते. अठ्ठावीस वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून अक्षय नावाच्या मुलाबरोबर राहते. लग्न केलेलं नाही, सध्या करायचंही नाही म्हणते. हे मला आणि माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, बाकी कऱ्हाडात कुणालाच नाही. कुणी विचारलं तर ती दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते, असं मी सांगायचे. तेवढ्यावर भागेना, तेव्हा त्या मैत्रिणींना नावंही दिली. एक लातूरची प्राजक्ता, एक अकोल्याची सोनल. पुढे प्राजक्ताला कावीळ झाली, सोनलची बहीण बाळंत झाली. माझ्या मोठ्या नणंदबाईंनी, म्हणजे वन्संनी, दोन दिवाळ्या त्या दोघींसाठी चकल्यांचे वेगळे डबे दिले. ते आम्ही नवराबायकोनं घरी बसून संपवले.

स्नेहलला हे कळलं तेव्हा ती हसली नाही. "आई, तू मला लपवतेस," एवढंच म्हणाली. त्यानंतर आमच्या फोनवर 'जेवलीस का' आणि 'जेवले' इतकंच उरलं.

अशात वन्संनी तिच्यासाठी स्थळ आणलं. मुलगा इंजिनिअर, घर बागायतदार, पाहुणे येत्या रविवारी येणार, "पोरीला शनिवारीच बोलावून घे." स्नेहलला हे सांगायची माझी हिंमत नव्हती आणि वन्संना नाही म्हणायची तर त्याहून नव्हती. यांना विचारलं तर "तू म्हणशील तसं," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. त्याच संध्याकाळी मंगलाताईचा फोन आला. ती शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीची. वीस वर्षं धडगावकडच्या डोंगरातल्या एका शाळेत शिकवते. आमची ओळख एका प्रशिक्षणातली, दोघी मास्तरणी, तेव्हापासूनची मैत्री. "आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गुलीबाईच्या पोराचं लग्न आहे, सुट्टी लागलीये, या वेळी कारणं सांगू नको," म्हणाली. दहा वर्षं मी कारणं सांगत आले होते. या वेळी पिशवी भरली आणि वन्संना सांगितलं, "शनिवारपर्यंत येते."

बुधवार, नंदुरबार

स्टँडवर उतरले आणि शिंका सुरू झाल्या. मिरचीचा हंगाम कधीच सरला होता, पण बाजाराकडून वारा आला की अजून नाकात जात होतं. रिक्षावाले दादा माझी सातवी शिंक होईपर्यंत थांबले.

"पयलांदाच उनात का ताई?"

पहिल्यांदाच आले, म्हटलं.

"मंग बराबर शे. आठे नवा मानूस शिंकसच." 'शे' म्हणजे आहे आणि 'आठे' म्हणजे इथे, एवढी अहिराणी मला तिथेच कळली.

ब्राह्मणपुरीत मंगलाताईच्या घरी पोचले तेव्हा ऊन इतकं होतं, की नळाचं पाणी चहाला थेट चाललं असतं. गावाभोवती केळी आणि पपई, मोकळी रानं कापसासाठी नांगरून ठेवलेली. जेवायला आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. ही पोळी लाटत नाहीत. हातावर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत वाढवतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. माझ्या घरच्या तव्यावर तिचा चतकोर मावला नसता. मी अर्धी खाल्ली आणि दुपारभर आडवी झाले.

गुरुवार, गच्चीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच गच्चीवर बिबडे करायला आळीतल्या बायका जमल्या. ज्वारी आंबवून, दळून, शिजवून तिचा घाटा करायचा आणि ओल्या फडक्यावर हातानं पातळ पसरून वाळवायचा. आमच्या कुरडया-सांडग्यांसारखंच हे उन्हाळी काम, एकटीनं न उरकणारं. मला आधी वाटीत गरम घाटा आणि वर कच्चं तेल दिलं. फार चांगलं लागलं, मी दुसरी वाटी मागून घेतली. मग मीही बसले. माझे बिबडे नकाशासारखे होत होते, पण कुणी काही म्हणालं नाही.

म्हणालं ते दुसऱ्याच गोष्टीवर. शेजारच्या एका आजींनी हात न थांबवता विचारलं, "तुम्हनी आंडेरनं लगन व्हयनं का?"

आंडेर म्हणजे मुलगी, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. या प्रश्नाचा सूरच ओळखीचा असतो.

"नाही अजून."

"कितला वरीसनी शे?"

"अठ्ठावीस."

आता मात्र सगळ्यांचेच हात थांबले. "मंग आते कव्हय करशात?"

आणि मी सुरू केलं. पुण्यात नोकरी, दोन मैत्रिणी, एक लातूरची. मंगलाताईनं लगेच चौकशी केली, "तिची कावीळ बरी झाली ना गं? मी सांगितलेला काढा दिला होता का?" दिला होता, म्हटलं. मग वन्संच्या पाहुण्यांचीही कथा जोडली. रविवारी पाहुणे येणार म्हटल्यावर आजींचा जीव भांड्यात पडला. "चांगलं व्हयनं," म्हणाल्या आणि बिबडा पुढे पसरला.

एवढ्यात पर्समधला फोन वाजला. वन्सं. "स्नेहल शनिवारी निघणार ना?"

"निघेल," मी म्हटलं. एका सकाळीत किती खोटं बोलले, ते मोजायचं मी टाळलं. एवढ्या लांब पळून येऊन मी पुन्हा आमच्याच गल्लीत बसले होते, फक्त भाषा बदलली होती. मला स्वतःचा राग आला. त्या बायकांचा नाही. त्या मायेनंच विचारत होत्या, वन्संही मायेनंच विचारतात. तीच तर पंचाईत आहे.

शुक्रवार, डोंगरात

म्हसावद मागे पडलं की सपाट रान संपतं आणि घाट लागतो. मंगलाताईनं सांगितलेली जीप गच्च भरली होती. एका वळणावर माझ्या पिशवीतला ओटीचा नारळ घरंगळला आणि पार मागच्या सीटखाली गेला. तो पायापायांतून पुढे ढकलत ढकलत सगळ्या जीपनं मला परत केला. बाहेर पानं झडलेला साग आणि मधूनच हिरवंगार मोहाचं झाड. इतकं उघडं रान मी आधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं सातपुडा म्हणजे दाट जंगल.

गुलीबाईचा पाडा म्हणजे चाळीसेक घरं, पण एकाला एक चिकटलेली दोन घरं नाहीत. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. कऱ्हाडात आमच्या भिंतीला भिंत लागून आहे. कुकरच्या शिट्ट्यांवरून शेजारणीला आमचं जेवण कळतं. इथे शेजारणीला बोलवायचं तर हाळी द्यावी लागते. घर वेगळं आहे म्हणून माणसं तुटक आहेत, असंही नाही. मांडवात सगळा पाडा होता.

मांडव जांभळाच्या फांद्यांचा. मंगलाताई कुणाशी तरी तिथल्या पावरी बोलीत बोलत पुढे गेली आणि मी एकटी पडले. समोर पन्नाशीची एक बाई बसलेली, हातात चांदीची जाड कडी, अंगभर हळद. बाकीच्या बायका तिच्याशी आदरानं वागत होत्या, म्हणजे हीच वरमाई गुलीबाई. मी आपल्या रीतीप्रमाणे पुढे झाले. खण काढला, नारळ काढला, तांदूळ काढले.

"वरमाई ना तुम्ही? पदर पुढे करा. सवाष्णीची ओटी भरते."

गुलीबाई माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. शेजारच्या बायकांना तिनं काहीतरी सांगितलं आणि मांडवभर हसू पसरत गेलं. मला वाटलं, माझं कुंकू कुठेतरी भलतीकडे लागलंय.

वीस वर्षं शाळेत काम केल्यामुळे गुलीबाईला मराठी येतं. ती म्हणाली, "बाई, थोडं थांबा. माझं लग्न व्हायचंय अजून."

"मुलाचं ना?"

"मुलाचं उद्या. आज माझं."

मी खण-नारळ हातात धरून तशीच उभी. तेवढ्यात मंगलाताई धावत आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं माय! तुला सांगायचंच राहिलं."

मग तिनं सांगितलं. सत्तावीस वर्षांपूर्वी गुलीबाई खेमाच्या घरी राहायला आली. लग्न करायचं होतंच, पण त्या वर्षी खेमाचा बैल मेला. पुढच्या वर्षी सासरा अंथरुणाला खिळला. मग दिलीप झाला, त्याच्या पाठच्या दोघी झाल्या, आणि लग्न राहून गेलं. असं राहून जाणारी बरीच घरं इकडे आहेत म्हणे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मंगलाताईनंच शाळेच्या कागदांवर पतीचं नाव खेमा लिहिलं होतं आणि कुणालाच ते खटकलं नव्हतं. आता दिलीपचं लग्न ठरलं. मुलाच्या अंगाला हळद लावायची तर आईची स्वतःची हळद आधी झालेली पाहिजे, म्हणून आज आई-बापाचं उरकून घ्यायचं आणि उद्या मुलाची वरात न्यायची.

"म्हणजे सत्तावीस वर्षं कुणी काही बोललं नाही?"

"काय बोलतील? संसार तर चाललाच होता." मग मंगलाताईनं बोट उगारलं. "पण तू नेहमीसारखं हे कुठे लिहिशील तर असं नको लिहू हां, की डोंगरावरची माणसं एकदम मोकळी नि सुखी. आठे बी नियम शेत, दंड शे, पंच शेत. पोरीचं मन न बघता ठरवणारे बाप मी इथे बी पाह्यले आहेत. फक्त ह्या एका गोष्टीची कोणाला घाई नसते."

मी जे पाहिलं तेवढंच सांगते. प्रत्येक पाड्याची रीत थोडी वेगळी असते म्हणे. खेमा नवा फेटा बांधून आला आणि मान खाली घालून बसला. शाळकरी मुलाला फळ्यापाशी उभं केल्यावर तो जसा दिसतो, तसा दिसत होता. एका म्हाताऱ्या माणसानं मोहाच्या दारूचे चार थेंब जमिनीवर सोडले, पूर्वजांसाठी. दोघांच्या कपड्यांची गाठ मारली. हळद लावायला रांग लागली, त्यात मीही लावली. आणि हे सगळं चालू असताना बाजूला घामाघूम होऊन ढोल वाजवत होता तो दिलीप, उद्याचा नवरदेव, याच दोघांचा मुलगा. आई-बापाच्या लग्नात ढोल वाजवणारा मुलगा मी पहिल्यांदाच पाहिला. धाकट्या दोघी आईला चिडवत होत्या आणि आई लाजतही होती, हे तर मला फारच आवडलं.

गाठ बांधून झाल्यावर गुलीबाई स्वतःच माझ्यासमोर आली आणि तिनं पदर पसरला.

"आता भरा."

मी ओटी भरली. माझे डोळे भरून आले, आणि ते धुरामुळे आहे, असं मी मंगलाताईला सांगितलं. मग पळसाच्या पानांवर मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि झणझणीत मटण. भाकरी जाड, पोटाला धरून राहणारी. रात्री ढोल चालूच होता, पण मी शाळेच्या खोलीत जाऊन झोपले. आमच्यासारख्यांच्या गुडघ्यांना तो नाच झेपणारा नाही.

शनिवार, मोहाखाली

सकाळी वरातीच्या दोन गाड्यांपैकी एक पंक्चर झाली. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत सगळी वरात मोहाच्या सावलीत बसली. गुलीबाई माझ्याजवळ येऊन बसली, मंगलाताई पलीकडे. एक दिवसाची नवरी, पण सकाळपासून तीस भाकऱ्या थापून आली होती.

"तुम्हाला मुलं किती?" तिनं विचारलं.

"एक मुलगी."

"कुणाच्या घरी गेली?"

"ती पुण्याला असते. दोन मैत्रिणींबरोबर…" तोंडात वाक्य तयारच होतं. ते अर्ध्यावर अडकलं. या बाईसमोर ते बोलण्यात काही अर्थच नव्हता. माझ्या मुलीचं लग्न झालं काय, न झालं काय, तिला काय पडलं होतं? मी दोन वर्षं ज्यांच्यासाठी खोटं बोलत होते, त्यातलं इथे कुणी नव्हतं. मला एकदम थकल्यासारखं झालं.

"एका मुलाबरोबर राहते," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली. लग्न नाही केलं."

दोन वर्षांत हे मी मोठ्यानं पहिल्यांदा बोलले. गुलीबाईला नीट कळलं नसावं, तिनं मंगलाताईकडे पाहिलं. मंगलाताई माझ्याकडे पाहत होती. मग तिनं ते पावरीत सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मन्हासंगे बी खोटं? मी त्या लातूरवालीसाठी काढा विचारायला वैदूकडे गेले होते, सुनीता!"

"चुकले गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गुलीबाईचे प्रश्न मात्र वेगळेच होते, आणि ते तिनं ओळीनं विचारले. तो मारतो का? नाही. दारू पितो का? नाही, मला वाटतं नाही. काम करतो? करतो. स्वयंपाक कोण करतं? मला सांगता येईना. घर कसं आहे? तेही सांगता येईना.

"तुम्ही पाहिलं नाही?"

"नाही."

हे तिला कळलंच नाही. तिनं मंगलाताईला पुन्हा विचारलं, मंगलाताईनं पुन्हा सांगितलं. गुलीबाईचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. लग्न न करता राहते, हे ऐकून तिची भुवईही हलली नव्हती. त्या दोघींचं थोडा वेळ बोलणं झालं. मग मंगलाताई खाली बघत म्हणाली, "ती विचारते, लांब आहे का? गाडी जात नाही का तिथे?"

कऱ्हाडहून पुण्याला अर्ध्या अर्ध्या तासानं गाडी आहे.

"तिची आई आठव्या दिवशी आली होती म्हणते. या खेमाच्या घरी. दोन डोंगर चालत, काखेत कोंबडी घेऊन. पोरगी कुठे झोपते, पाणी किती लांबून आणते, ते बघायला. बघून गेली."

दोन वर्षं मी म्हणत होते, की माझ्या मुलीनं मला मान खाली घालायला लावली. लोक काय म्हणतील याचा मी इतका विचार केला, की ती कुठे झोपते, तिच्या खिडकीतून काय दिसतं, पाणी किती वाजता येतं, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. लाज वाटायची तर याची वाटायला हवी होती. ती आता वाटली, चांगलीच वाटली, आणि त्याबरोबर डोक्यावरचं एक ओझंही उतरलं. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला सांगता येणार नाही, पण झालं खरं.

गाडी आली, ढोल सुरू झाला आणि वरात निघाली. मी वरातीला गेले नाही. मंगलाताईला म्हटलं, मला खाली जाऊ दे. तिनं शहाद्याला जाणाऱ्या जीपमध्ये मला बसवलं आणि दार लावता लावता म्हणाली, "आता खरं सांग पोरीला. आणि काढ्याचं कोणाला सांगू नको, माझं हसू होईल."

शहादा स्टँड

घाट उतरला तेव्हा फोनला रेंज आली आणि वन्संचे पाच मिस्ड कॉल दिसले. स्टँडवर चहा घेतला, बाकावर बसले आणि फोन लावला.

"वन्सं, पाहुण्यांना नाही म्हणून कळवा. स्नेहल येणार नाही. ती एका मुलाबरोबर राहते, दोन वर्षांपासून. त्या दोन मैत्रिणी मीच रचल्या होत्या."

मग वन्सं बोलल्या आणि बरंच बोलल्या. मी त्यांचा मान घालवला, भावाचं घर बुडवलं, पोरीला लाडानं बिघडवलं. शेवटी म्हणाल्या, "आणि त्या चकल्या?"

"आम्ही खाल्ल्या."

त्यांनी फोन ठेवला. हे लिहितेय तोवर महिना होत आला, त्या अजून बोलत नाहीत. मी दर गुरुवारी फोन करते, त्या उचलत नाहीत. आळीतल्या एक-दोघींनी येणं कमी केलंय. वाईट वाटतं. पण पहाटे चारला जाग येऊन, काल कुणाला काय सांगितलं होतं ते आठवत पडायचं मात्र बंद झालंय.

मग यांना फोन केला आणि सगळं सांगितलं, तशीच स्नेहलकडे जातेय हेही. हे म्हणाले, "पत्ता मलाही पाठव."

पत्ता माझ्याकडे कुठे होता? मी स्नेहलला लावला.

"तुझा पत्ता पाठव."

"कशाला?"

"येतेय मी. रात्रीची गाडी आहे, सकाळी पोचेन."

"उद्या अक्षय घरी असेल, आई."

"असू दे की. त्याचंही घर आहे ना."

थोड्या वेळानं मेसेज आला. नुसता पत्ता, मजल्यासकट.

रविवार, पुणे

दार अक्षयनं उघडलं. "या काकू," म्हणाला आणि माझी पिशवी घेतली. स्नेहल मागे उभी होती, आंघोळ करून, केस ओले, लहानपणी शाळेला जाताना असायची तशी. मग मीच म्हटलं, "घर दाखव."

तिनं दाखवलं. स्वयंपाकघर दाखवलं. पोळ्या ती करते, भाजी तो. पाणी सकाळी साडेसहाला येतं. खिडकीतून एक चिंच दिसते. मी सगळं विचारत गेले आणि ती सांगत गेली. मग एक बंद खोली होती, ती उघडताना जरा घुटमळली. आत एक पलंग, त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग.

"ही कुणाची?"

स्नेहल कपडे उचलायला वाकली. उत्तर अक्षयनं दिलं. "तुमची. आम्ही एक खोलीचंच घर बघत होतो. पण ही म्हणाली, आई आली की लागेल."

दोन वर्षं साचत गेलेले कपडे होते, तिनं एकदम उचलले तर पडायला लागले. मी तिच्या हातातले निम्मे घेतले आणि पलंगावर बसले.